कार्टूनमधली म्हातारी आणि आमची विहीर

भूतखेत, करणी, अंगात येणं – यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. गावात एखाद्या बाईच्या अंगात आलं की सगळ्या बघायला धावायच्या, मी घरी जाऊन भात टाकायचे. आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं... माझं शिक्षण चौथीपर्यंत. वहीत लिहिलंय, नातीने टाईप केलंय. वाक्य बदलायचं नाही असं तिला सांगून ठेवलंय.

मी भाजे गावात राहते, मळवली स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. घरामागे भाताची खाचरं, त्यांच्या कडेला विहीर. अर्धी आमची, अर्धी माझ्या दिरांची, सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं आहे. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची, दिवस उगवला की बदलायची. माझे मालक आणि दीर सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण पाळी एकदाही चुकली नाही.

दोघं गेले. दिराच्या मुलाने, दत्ताने, विहिरीशेजारी शनिवार-रविवारच्या लोकांसाठी बंगला बांधला. स्विमिंग पूल केला. विहिरीला चारी बाजूंनी पत्रे मारले आणि दाराला कुलूप घातलं. माझी पाळी विचारली तर म्हणाला, "काकी, तुमाला या वयात कशाला लागतंय एवढं पाणी? नळ हाय की."

नळ दिवसाआड वीस मिनिटं. तेवढ्यावर हिरवा चारा होत नाही. चारा वाळला, म्हैस विकावी लागली. तिला टेम्पोत चढवत होतो तेव्हा पूलमध्ये पुण्याच्या मुली रबराच्या बदकावर बसून फोटो काढत होत्या. तलाठी म्हणाला वडगावला तहसीलमध्ये अर्ज करा. केला. अर्ज अजून तिथेच आहे. मी शिव्याशाप दिले नाहीत. मनात धरून ठेवलं. मी धरून ठेवते, माझा स्वभाव आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. माझी नात सुप्रिया पुण्यात कंपनीत आहे. पाय मोडला म्हणून ती माझ्याकडे येऊन राहिली, काम घरूनच करायची. काम संपलं की टॅबवर जपानी कार्टून बघायची. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. ती बघत होती ते फार जुनं आणि कुणी न बघितलेलं. तिच्या ओळखीत कुणालाच ते माहीत नव्हतं. बारा भाग. मी शेंगा फोडत शेजारी बसायचे आणि ती मला मराठीत अर्थ सांगायची.

त्यात एक शहर. वर आभाळ नाही, लोखंडी छत. पाणी नंबरावर मिळतं. एक म्हातारी रोज डबा घेऊन खिडकीशी जाते आणि तिला सांगतात, तुमचा नंबर बंद झालाय. ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी परत जाते. बस्स, असंच चाललेलं. गाणं नाही, विनोद नाही. रंगसुद्धा राखेसारखे.

सुप्रिया म्हणाली, "आजी, लोक हे बघवत नाही म्हणून सोडतात. तुला कसं आवडतं?"

कसं आवडतं ते मी तेव्हा सांगू शकले नाही, आता सांगते. आपल्या मालिकांमध्ये बाई रडायला लागली की मागे पेटी वाजते, आणि शेवटी कुणीतरी येऊन तिचं भलं करतो. मी पंच्याहत्तर वर्षांची आहे, माझ्याकडे कुणी आला नाही. या कार्टूनमध्येही कुणी येत नाही. सगळं ठीक होईल असं कुणी म्हणत नाही. त्या म्हातारीची कीव करा, असंही ते सांगत नाही. ती फक्त उभी असते, आणि ती का उभी आहे ते मला बरोबर कळत होतं. कुणीतरी पहिल्यांदा खरं दाखवतंय असं वाटलं.

एका गुरुवारी दुपारी चौथा भाग चालू असताना सुप्रियाला ऑफिसचा फोन आला म्हणून ती आत गेली. टॅब चालूच होता. म्हातारी त्या दिवशी खिडकीशी गेली नाही. मागच्या बाजूला गेली. तिथे पिंपाएवढा जाड पाइप. तिने त्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्द. मग वरच्या मजल्यावरच्या मोठ्या लोकांच्या घरातले नळ कोरडे. पांढऱ्या कपड्यातली माणसं नळाकडे बघत उभी. म्हातारी पाइपाला टेकून बसली...

सुप्रिया आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, असं काही नाहीये, ती बाई पाचव्या भागात मरते. आम्ही बाराच्या बारा भाग पहिल्यापासून बघितले. म्हातारी पाचव्यातच मरते. पाइप कुठेच नाही. सुप्रिया म्हणाली डोळा लागला असेल. माझ्यासमोर दोन शेर शेंगा फोडून पडल्या होत्या. त्या झोपेत फोडल्या का?

शनिवारी सकाळी बंगल्यावर आरडाओरडा. साबण लावलेली माणसं पांढरे टॉवेल गुंडाळून अंगणात उभी. नळाला थेंब नाही. विहीर भरलेली, मोटर चालू, पण पाणी चढत नव्हतं. प्लंबर आला, त्याला काही सापडलं नाही. सोमवारी सकाळी आपोआप पाणी सुरू. शुक्रवारी परत बंद. दत्ताने मोटर बदलली, पाइप बदलला, लोणावळ्याहून माणूस आणला. चार दिवस पाणी, चार दिवस कोरडं. प्लंबरला त्यात काही दिसेना, कारण वार सारखे बदलत होते. मी बोटांवर मोजलं. जुन्या हिशेबाने त्याच गुरुवारी दिवस उगवताना माझी पाळी लागली होती.

दीड महिना मी कुणाला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. लोक गाड्या वळवून परत जायचे आणि मी ओसरीवर बसून बघायचे.

मग दत्ता आला. उभाच राहिला. "काकी, तुमी काय केलंय ते सांगा."

"म्या काय केलं? म्या कार्टून बघितलं."

"चेष्टा करू नका. माझं बुकिंग बंद पडलंय."

"माझी पाळी दोन वर्सं बंद हाय. तवा तू कुटं व्हतास?"

 त्याने विचारलं, कुणाची पाळी चालू हाय आज. म्हणजे त्यालाही आतून माहीत होतं. मी म्हटलं, माझा दुसरा दिवस. त्याने जाऊन कुलूप काढलं. माझी गंजलेली जुनी मोटर सुप्रियाने बटण दाबताच सुरू झाली आणि पाणी धो-धो खाचरात. त्याच विहिरीचं पाणी, त्याच घटकेला. त्याच्या नव्या मोटरने तेव्हाही उचललं नाही.

दत्ताने कुलपाची किल्ली माझ्यासमोर ओसरीवर ठेवली. मी उचलली. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. आता त्याची पाळी लागते त्या सकाळी त्याला किल्ली मागायला माझ्या दारात यावं लागतं. मी चहा पीत असते. पिऊन झाला की कप विसळते, पालथा घालते, मग उठते. तेवढा वेळ तो उभा असतो. सुप्रिया म्हणते, "आजी, आता बास की." मला अजून बास वाटत नाही.

गावातले शास्त्राचे मास्तर म्हणाले, विहिरीत हवेची पोकळी असेल. पोकळीला माझी पाळी कशी कळते, ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा. पण कारण कळलं म्हणून किल्ली मी परत देणार नाही.