मोहिद्दीनचाचाचा अरबी फोटो

दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की होडीवाल्या मोहिद्दीनचाचाची एक रशियन बाई आहे आणि ती त्याला पत्रं धाडते. साफ खोटं. पाकीट एकच आलं. त्यात पत्र नव्हतं, फोटो होता. तो काढला तेव्हा मी त्याच होडीत होतो.

चाचा दाभोळचा. सत्तावन्न साली पासपोर्टशिवाय लाँचमधून दुबईला आला, त्यामुळे दहा वर्षं परत जाता आलं नव्हतं. खाडीच्या या काठाची माणसं त्या काठाला न्यायचा. मी शाळेला त्याच्याच होडीने जायचो, त्याची पत्रंही मीच लिहायचो. त्याची आई दर खेपेला लिहवून घ्यायची, "डोळे जायच्या आधी तुझा फोटो तरी धाड." चाचा सांगायचा, "लिही, फोटो कशाला? मीच येतो, इन्शाल्ला." मग तिचा आवाज काढायचा, नाकातून, शेवट ओढत: "मोहिद्दीनाऽ, जेवलास काय रेऽ?"

सदुसष्टच्या हिवाळ्यात एक रशियन जहाज बिघडून बाहेर नांगरलं. सहा प्रवासी तीन तास गाव बघायला उतरले. खाडी दिसताच पाच जणांनी "व्होल्गा! व्होल्गा!" सुरू केलं. एवढ्या लांब येऊन बघायची ती आपलीच नदी! सहावी बाई भारतात दुभाषी होती. तिची हिंदी म्हणजे शब्दन्‌शब्द इस्त्री केलेला.

"महोदय, क्या आप अरब मनुष्य हैं?"

"नहीं बाई. हिंदी. रत्नागिरी."

तिचा चेहरा पडला. भारत तर ती बघूनच आली होती.

मी विचारलं, "आप रशियन?"

"सब यही कहते हैं!" ती फणकारली. "मैं जॉर्जियन हूँ. कृपया स्मरण रखिए."

आणि लगेच एका अरब उतारूकडून डोक्याचं कापड नि काळी दोरी मागून घेऊन तिने ती चाचाच्या डोक्यावर चढवली. "अब आप ठीक हैं." खटॅक.

पाच महिन्यांनी फोटो आला. चाचा बघतच राहिला. "यात मी कुठंय रे?"

"आईला पाठव. ती ओळखेल."

"नाही ओळखणार."

"अरे, आई आहे ती! लागली शर्त?"

"लागली. पण माझा फोटो म्हणून लिहायचं नाही. नुसता धाडायचा. हरेल त्याने दुसऱ्याचं ऐकायचं."

म्हणाला खरा. पण पावसाळ्याआधीच्या शेवटच्या लाँचवर पाकीट देताना "जपून ने" असं तीनदा बोलला.

उत्तर पावसाळा संपल्यावर आलं. मी होडीतच वाचलं: "तुझ्या अरब शेठचा फोटो मिळाला. माणूस भला दिसतो. त्याला म्हणावं, माझ्या पोराला सुटी दे. आता तुझाही धाड. दिसत नाही नीट, पण तुला ओळखीन."

चाचाने वल्हं आत घेतलं. होडी पाण्यात आडवी झाली.

"हरलास," तो म्हणाला. "काढ तिचा आवाज."

मी काढला. नाकातून, शेवट ओढत.

"जेवलो गो आये," चाचा म्हणाला.