गाडी मीच खोलली

महागावच्या आजूबाजूच्या तांड्यांवर मी पशुसखी म्हणून फिरते. शेळ्यांना जंताचं औषध पाजते, खुरं पाहते, लसीच्या दिवशी बर्फाची पेटी कॅरियरला बांधून निघते. मोटरसायकल नवऱ्याची. तो वणीकडे कोळशाचा ट्रक चालवतो, घरी येतो तो सणावारालाच. गाडी छपरीत धूळ खात उभी होती. ती मी चालवायला शिकले तेव्हा तांड्यात पुष्कळ बोलणी झाली. बाईनं स्कूटी चालवली असती तर लोकांनी मान फिरवून सोडून दिलं असतं. टाकीवाल्या गाडीवर पाय टाकून बसणारी सून काही जणांना सहन झाली नाही. मी बोलू दिलं. तोंडात फोड आलेली शेळी मी पायी येईपर्यंत वाट पाहत नाही.

लसीकरण तोंडावर आलं होतं आणि त्याच आठवड्यात गाडी गळायला लागली. एका घरची शेळी पाहून मी बाहेर आले तर गाडीखालची माती ओली आणि पेट्रोलचा वास. वाकून पाहिलं. कार्बोरेटरच्या खाली एक बारीक नळी असते, तिच्यातून थेंबामागून थेंब पडत होता. टाकीचा कॉक बंद केला की थांबायचा, उघडला की पुन्हा सुरू.

महागावच्या मिस्तरीकडे नेली. त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागं कोणी आहे का तेही पाहिलं.

"मालक कुठी हाये?"

"वणीले. गाडी माह्याचकडं असते."

त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कार्बोरेटरवर ठकठक केलं. गळणं थांबलं. तांडा यायच्या आधीच पुन्हा सुरू झालं. दुसऱ्यांदा नेली तेव्हा न खोलताच म्हणाला, "पुरा कार्बोरेटर बदलाव लागते. मालकाले फोन लावा, मी बोलतो."

मी लावला. माझाच फोन कानाला लावून, माझ्याकडे पाठ करून तो बोलत राहिला. गळणारी गाडी मी पाहिलेली, वास माझ्या साडीला येत होता, आणि निर्णय घेणारा माणूस तिकडे वणीत, कोळशाच्या रांगेत. नवरा म्हणाला असावा, मिस्तरी म्हणेल तसं. मिस्तरीनं फोन परत देत पाना उचलला.

"राहू द्या," मी म्हटलं. "मीच खोलून पाहीन."

तो हसला. "बाई, हे का कुकर हाये?"

"कुकर तरी खोलता येते का तुमाले?"

त्याच्याकडे बसलेले दोघं हसले. तो हसला नाही. मी गाडी काढली. थोडं अंतर कॉक उघडायचा, मग बंद करून आत साठलेल्या पेट्रोलवर ओढायचं, पुन्हा उघडायचा. असं करत घरी आले. रस्ताभर मला भीती वाटत होती हे खरंच आहे. बोलून तर बसले होते, पण आयुष्यात मी गाडीचा एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

मोबाइलला आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच रेंज येते. सकाळी तिथं उभी राहून मी एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. कार्बोरेटरच्या खाली वाटीसारखा भाग असतो. तिच्यात एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर जातो आणि बारीक सुई टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलचं भोक बंद करते. सुई नीट बसली नाही की पेट्रोल येतच राहतं आणि नळीतून बाहेर पडतं. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. शेतातल्या हौदाचा बॉल खराब झाला की पाणी असंच वाहतं, आणि तो तर मी कितीदा तरी पाहिलेला.

घरी येऊन सासूला म्हटलं, "याडी, चूल विझव."

"काहून? भाकर हाये वर."

"अंगणात पेट्रोल सांडणार हाये."

तिनं मला चार शब्द ऐकवले, पण तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. मी तिची जुनी परात घेतली, गाडीखाली ठेवली. परातीवरून तिनं आणखी चार शब्द ऐकवले.

कॉक बंद केला. पाइप ओढून काढला. क्लिप सैल करून कार्बोरेटर हलवत हलवत बाहेर घेतला. तोवर कडुलिंबाखाली बसलेले लोक उठून आमच्या अंगणात आले होते. सासरे सगळ्यांत पुढं.

"पोरगा आला का पाहीन थो," ते म्हणाले. "तू कायले हात काळे करून राह्यली?"

"लस या आठवड्यात हाये, बा. थो दिवाळीले येईन."

"नाही त टेम्पोत टाकून मिस्तरीकडं नेऊ."

"मिस्तरीनं पाह्यली गाडी."

एक चुलत सासरे वाकून अगदी डोक्यावर आले. "बाईमानसानं हे असं भर अंगणात..."

"पाहाचं असन त पाहा, काका," मी मान वर न करता म्हटलं. "पण उजेड सोडा."

ते सरकले. मला वाटलं होतं चिडतील. पण सरकले.

वाटीचे स्क्रू घट्ट होते. एकाची खाच माझ्याच हातानं झिजायला लागली. ट्यूबच्या रबराचा तुकडा मध्ये ठेवून, अंगाचा भार देऊन फिरवला तेव्हा तो सुटला. वाटीत तळाला तांबूस गाळ होता. बारीक दांडी सरकवून फ्लोट काढला, त्याच्याबरोबर सुई आली. सगळं पेट्रोलनं धुतलं, भोकांत फुंकर मारली, पुसलं. आता फक्त परत बसवायचं होतं, आणि तिथंच अडलं. वाटीच्या खाचेतली रबरी रिंग आता खाचेत मावेना. पेट्रोल पिऊन ती फुगली होती. मी बोटांनी दाबून दाबून बसवली, वाटी कसली, पाइप जोडला आणि कॉक उघडला.

नळीतून काही आलं नाही. वाटीच्या चारी बाजूंनी मात्र पेट्रोल धावायला लागलं.

"आता त झराच फुटला!" कोणीतरी म्हणालं आणि अंगण हसलं. मी कॉक बंद केला. सासरे म्हणाले, "झालं? आता तरी ऐकजो."

"नाही झालं," मी म्हटलं, आणि सगळे सुटे भाग फडक्यात घेऊन घरात गेले. रडू येत होतं, म्हणून कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं उघडलं तर रिंग आपोआप आकसून होती तेवढी झाली होती. सुकायलाच वेळ हवा होता तिला. मग सुई हातात घेतली. तिच्या रबरी टोकावर नख फिरवलं तर गोल खाच लागली. तीच जागा भोकावर बसते. म्हणजे धुऊन काहीच होणार नव्हतं, सुईच झिजली होती. हे मला कोणी सांगितलं नाही. माझ्या नखानं सांगितलं. फार बरं वाटलं.

जीपनं महागावला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानदारानंही तेच विचारलं, "मिस्तरी कोण हाये?"

"मीच हावो," म्हटलं आणि जुनी सुई काचेवर ठेवली.

त्यानं पुडीतून एक काढून दिली. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. "हे लांब हाये."

"चालते थे."

"नाही चालत. जुळणारी द्या."

त्यानं आतून दुसरी आणली. ती जुळली. नवी रिंगही घेतली.

या वेळी चूल विझवायला सांगावं लागलं नाही. लोकही कमीच आले. झरा एकदा पाहून झाला होता. सासूनं मात्र पिढं आणून माझ्याजवळ टाकलं आणि स्क्रू पदरात सांभाळत बसली. सुई फ्लोटला अडकवली, दांडी घातली, रिंग खाचेत बसवली. स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून कसले. कॉक उघडला. मी नळीखाली हात धरला. सासूनं वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं.

किक मारली. गाडी खोकली, बंद पडली. परत मारली. या वेळी धरून राहिली. जरा जास्तच जोरात धडधडत होती, पण बंद पडली नाही. सासरे ओट्यावरून पाहत होते. त्या दुपारी तेच बर्फाची पेटी बांधायला दोरी शोधत होते.

लसीकरण पार पडलं. दिवाळीला नवरा आला. अंगणात येताच गाडीजवळ बसला, सीटखालचा पाना काढला. "एकदा खोलून पाह्यतो, बराबर बसलं का."

मी त्याच्या हातातून पाना घेतला. "गळते का?"

"नाही."

"मंग खोलाचं नाही."

त्यानं हसत हात पुसले, किक मारून पाहिली आणि विचारलं, "थे जोरात चालून राह्यली, थे कमी कराले कोणता स्क्रू?"

"मले अजून माहीत नाही," मी म्हटलं. "सापडला का सांगीन."