लोणच्याची बरणी आणि आईची जीभ

मागच्या उन्हाळ्यात माझी आई रोज सकाळी गोठ्यामागच्या उन्हात तोंड उघडून उभी राहायची आणि मला आत पाहायला लावायची.

"जिभेखाली पाह्य. पांढरं काही दिसून राहिलं का?"

"काही नाही आई."

"अन् लाल?"

"जीभ लालच असते."

"कॉलेजात जाते ना तू? मंग नीट पाह्य!"

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. तिथं जिभेबद्दल काही शिकवत नाहीत. पण माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की तिथं सगळंच शिकवतात. मीही मग डोळे बारीक करून, डॉक्टरासारखं "हं" म्हणत पाहायची. मला खरंच काही दिसायचं नाही.

कॉलेजात मी सगळं हिंदीत लिहिते. ही गोष्ट मात्र हिंदीत लिहायला बसले तेव्हा आईचा आवाजच ऐकू येईना. म्हणून मराठीत लिहिते आहे. चुकलं तर समजून घ्यावं.

आईच्या तोंडाची आग व्हायची. मिरची चावल्यावर होते तशी, पण मिरची न खाता. सकाळी कमी असायची, दिवस कलायला लागला की वाढायची. तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसे. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला जाताना ती विळ्याआधी पाण्याचा तांब्या घ्यायची. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. आणि बसल्या बसल्या मध्येच म्हणायची, "तोंडात लोखंड ठेवल्यासारखं लागून राहिलं."

आधी सगळ्यांना वाटलं, तोंड आलं असेल. मग जाईचा पाला चघळून झाला, जिभेला तूप लावून झालं, सब्जाचं पाणी झालं. घरातल्या प्रत्येकानं एकेक थंड पदार्थ सांगितला आणि आईनं प्रत्येकाचं मन राखलं. फरक पडला नाही.

खरी भीती वेगळीच होती आणि ती फक्त मला माहीत होती. आमच्या मागच्या आळीतली एक बाई तोंडाच्या रोगानं गेली होती. ती भाजलेल्या तंबाखूचं काळं मंजन लावायची. आईही तेच मंजन लावायची, सकाळ-संध्याकाळ, लग्न होऊन आली तेव्हापासून. आईनं मनाशी पक्कं धरलं होतं की तिलाही तोच रोग झाला आहे.

"डॉक्टरकडे चल ना," मी म्हणायची.

"नाही वो बाई. डॉक्टरनं नाव सांगतलं का रोग पक्का होते. अन् तुह्या बाबाले सांगजो नको, ते जेवन सोडतीन."

अशात कैऱ्या निघाल्या.

इथं आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. जिला अजून पाळी येते अशा बाईनं वर्षाच्या लोणच्याला हात लावायचा नाही. नुसते ते चार दिवस नाही, कधीच नाही. लोणचं घालायचं ते जी 'मोकळी' झाली आहे तिनंच. इतकी वर्षं हा मान माझ्या मोठ्या आईचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या वहिनीचा होता. आई कैऱ्या फोडायची, मोहरी कुटायची आणि शेवटी दारात उभी राहून पाहायची. त्याआधीच्या पोळ्यापासून तिची पाळी बंद झाली होती. मोठ्या आईनं स्वतःहून बरणी तिच्यासमोर ठेवली. "घे वो, आता तू मालकीन. माह्या हाताले जोर नाही राह्यला."

आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. परीक्षेचा निकाल लागल्यावर मला जसं झालं होतं, तसं काहीसं.

पण तिनं एक बरणी नाही, दोन घातल्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

ती मसाला कालवत होती. वर न पाहता म्हणाली, "मी नसली तं पुढच्या साली कोन घालन? मोठी थकली. तुमाले दोन साल पुरंल."

मी तिथून उठून विहिरीकडे गेले.

लोणचं मुरायला लागलं तसं ते पहिल्यांदा ताटात आलं. माझ्या मोठ्या भावानं फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. मिठाच्या पोत्यात एक कैरी सापडली."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग बाबांनी शांतपणे आणखी एक फोड घेतली, वर अर्धा गडवा पाणी प्याले आणि म्हणाले, "चांगलं हाये."

आईनं स्वतः चाखलं. "मले तं अळनीच लागून राहिलं," ती हळूच म्हणाली.

मोठी आई ओसरीवरून म्हणाली, "हाताचा दोष नाही वो. तुही जीभच बिघडली."

त्या दिवशी आई जेवली नाही. सगळ्यांना वाटलं लोणच्याचं वाईट वाटलं. मला माहीत होतं, तिला वाटत होतं की रोग आता चवीपर्यंत आला.

मी तेव्हा पहिल्यांदा आईशी हट्ट धरला. बाजाराच्या दिवशी सौंसरला जायचं होतंच. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात एक बाई डॉक्टर बसतात, त्यांना नुसतं तोंड दाखवू. "मला दिसत नाही आई. मी बी.ए.ला आहे," असं म्हणताना मला रडू आलं. बहुतेक त्या रडण्यामुळेच ती तयार झाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सौंसर येईपर्यंत पदर तोंडावर धरून होती.

डॉक्टर हिंदी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बॅटरीनं जीभ, जिभेखाली, गालांच्या आतून, हिरड्या, सगळं सावकाश पाहिलं. गळ्याखाली बोटांनी दाबून पाहिलं. मग विचारलं, "माहवारी कब से बंद है?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मला मराठीत म्हणाली, "मी तोंड दाखवाले आली अन् हे कुठलं विचारून राहिली?"

"सांग ना आई."

"पोले से बंद है बाई," आई म्हणाली. डॉक्टरांना पोळा कळला नाही. मला बोटांवर महिने मोजून सांगावे लागले.

"गरमी लगती है? अचानक पसीना?"

"लगता है. पर वो तो उन्हाले से."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली. "अम्मा, जिस बात का आपको डर है, वैसा कुछ मुझे यहाँ नहीं दिखता."

आईनं त्यांच्यासमोर कशाचीही भीती बोलून दाखवली नव्हती.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहिते. पाळी थांबते तेव्हा शरीरात जो फेर होतो, तो तोंडातही होतो. कोणाची लाळ कमी होते, कोणाच्या तोंडाची आग होते, चव बदलते, हिरड्या नाजूक होतात. सगळ्यांना होत नाही, पण पुष्कळ बायकांना होतं आणि त्या सांगत नाहीत. अंगात रक्त कमी असलं तरी जीभ जळते, म्हणून रक्त तपासायला सांगितलं. काळं मंजन आजपासून बंद. मऊ ब्रश, घोट घोट पाणी, तिखट काही दिवस कमी. हिरड्या नागपूरला दातांच्या डॉक्टरांना दाखवायच्या. "जलन कब जाएगी, यह मैं पक्का नहीं कह सकती," असंही त्या म्हणाल्या. "किसी की जल्दी जाती है, किसी को समय लगता है. पर आप मरनेवाली नहीं हैं."

बाहेर येऊन आई दवाखान्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "अन् म्या दोन बरन्या भरल्या!" आणि इतकी हसली की औषधाच्या रांगेतल्या बायका वळून पाहायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये पदर तोंडावर नव्हता. शेजारी बसलेल्या, रामाकोना गावच्या बाईला तिनं सगळं सांगून टाकलं, पोळ्यासकट. मला खाली पाहत बसावं लागलं.

घरी मोठ्या आईला सांगितलं तेव्हा ती ओसरीवर खाली टेकली. मग म्हणाली, "मलेही झालं होतं. असंच. दोन उन्हाळे."

"मंग बोलल्या कायले नाही बाई?" आईनं विचारलं.

"काय बोलू? म्या सासूले उलटं बोलली होती. मले वाटलं, त्याचीच शिक्षा. जीभ जळाले आनखी काय कारन लागते?"

आईनं कपाळावर हात मारला. "म्हातारीले मेल्यावर तरी सोडा ना वो!"

दोघी हसल्या, पण मोठी आई डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी लोणचं सुधारायचं ठरलं. नवीन कैऱ्या फोडल्या, मोहरी कुटली. दोन्ही बरण्या परातीत उपसल्या. मीठ आता बरोबर झालं की नाही, हे कोण सांगणार? आईच्या जिभेवर आईचाच भरवसा नव्हता. मोठीच्या तोंडात दात राहिले नव्हते, ती म्हणाली, "मले सारंच सारखं." बाबा आणि भाऊ शेतात गेले होते. घरात उरलेली चांगली जीभ माझी होती आणि मी दारात उभी होते, कारण मी मोकळी नाही.

आईनं मोठीकडे पाहिलं. मोठी परातीकडे पाहत म्हणाली, "हात लावाले मनाई हाये. खायाले कोनं मनाई केली?"

आई फोड घेऊन दारापर्यंत आली. तिनं ती माझ्या तोंडात घातली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"थोडं खारं आहे," मी म्हटलं.

ती आत गेली, कैऱ्या घातल्या, पुन्हा आली.

"आता?"

"अजून थोडं."

"खरं सांगून राहिली ना? बाबासारखं नाही ना?"

"खरं."

ती पुन्हा आत गेली. दारात तिच्या कितीतरी चकरा झाल्या. शेवटी मी म्हटलं, "आता झालं." तिनं स्वतः चाखून पाहिलं नाही. हात पुसले आणि बरण्या भरायला बसली.