घुबडाच्या दुकानापुढची रांग

सिदोनिया व्ल्यादूला कशाकशाची भीती वाटायची ते सांगत बसले तर दिवस जाईल. लिफ्टच्या आवाजाची, फोनच्या घंटीची, इमारतीच्या रखवालदाराची, आणि तो रखवालदार गोड बोलला तर आणखीच. बसमध्ये ती तिकीट हातात घट्ट धरून बसायची. खिशात ठेवलं आणि तपासनीस आल्यावर सापडलं नाही तर? अशी ही बाई बुखारेस्टच्या आमच्या मुलांच्या मासिकात बोलणारे प्राणी काढायची, आणि सगळ्या देशातली पोरं तिच्या रीत्सा नावाच्या खारीवर जीव टाकायची.

मी तिंका. प्राण्यांच्या तोंडाशी जो पांढरा फुगा असतो, त्यातलं बोलणं हाताने सुबक अक्षरांत भरायचं हे माझं काम. आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे तिची भीती मी वर्षानुवर्षं पाहिली. हिवाळ्यात ऑफिसात कोट घालूनच बसावं लागे, आणि बोटं उघडी राहावीत म्हणून हातमोज्यांची टोकं कापलेली. जवाची कॉफी प्यायची आणि कामाला लागायचं.

चित्राला हात घालण्याआधी प्रत्येक प्राण्याचं बोलणं ती त्याच्या त्याच्या आवाजात म्हणून बघे. कुणाला 'जरा सरका' म्हणायची हिंमत नसलेली ही बाई लांडग्याच्या आवाजात अशी काही खेकसायची, की पलीकडच्या खोलीतले मुद्रितशोधक डोकावून जायचे.

"अगं, असं एकदा त्या रखवालदारावर खेकस ना," मी म्हणायचे.

"लांडग्याचं काय गं," ती म्हणायची, "त्याला कुठे आई सांभाळायची आहे."

आईचंच सगळं होतं. म्हातारीची मूत्रपिंडं गेलेली, आणि तिचे उपचार फक्त राजधानीतल्या इस्पितळात व्हायचे. राजधानीत राहायचं तर परवाना लागतो, परवाना नोकरीवर मिळतो. त्यात सिदोनियाचा धाकटा भाऊ एका उन्हाळ्यात डॅन्यूब नदी पोहून सरहद्दीपलीकडे गेला तो गेलाच. तेव्हापासून पोलिसांच्या दफ्तरात तिच्या नावापुढे खूण झाली होती. आणखी एक चूक झाली की नोकरी जाणार, नोकरीबरोबर शहर, आणि शहराबरोबर आई. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ज्यांनी खूण केली त्यांना तर होतंच.

म्हणून ती चुकायची नाही. प्राण्यांचे आमचे काही नियम होते. सिंह काढायचा नाही, कारण सिंह म्हटला की राजा आला. अस्वल चालेल, पण त्याची शिकार नको, कारण वरच्यांना अस्वलांच्या शिकारीचा शौक. कोल्हा लबाड असू दे, पण त्याला कशाचाही प्रमुख करायचा नाही. हे नियम कुणी कधी सांगितले नव्हते, तरी आमच्या ऑफिसातल्या झाडूवालीलासुद्धा ते पाठ होते. सिदोनियाने त्यातला एकही कधी मोडला नाही.

मग त्या शरद ऋतूत रीत्साची एक साधी गोष्ट आली. आजीच्या केकसाठी अक्रोड हवेत, म्हणून खार घुबडाच्या दुकानात जाते. बस, एवढंच. सिदोनियाने अर्धं पान भरून दुकान काढलं. ओकच्या ढोलीत गल्ला, गल्ल्यामागे चष्मा लावलेलं घुबड, आणि पुढे प्राणी. ससा, साळू, बेडूक, दोन चिचुंद्र्या, सगळ्यांच्या हातात जाळीच्या पिशव्या. अस्वल घडीच्या स्टुलावर बसलेलं. बिज्जूने शेजाऱ्याची जागा राखायला स्वतःच्या मागे एक दगड ठेवलेला. ससा पुढच्याला विचारतोय, "काय देतायत?" आणि सगळ्यात मागचा उंदीर म्हणतोय, "कुणास ठाऊक. मी रांग दिसली म्हणून उभा राहिलो."

हे शब्द फुग्यांत मी लिहिले, माझ्या हाताने. उंदराचा फुगा जरा लहान पडत होता, म्हणून अक्षरं दाटून बसवली, आणि छान बसली म्हणून स्वतःवरच खूशही झाले. संपादक कॉम्रेड पत्राश्कूंनी पान पाहिलं आणि साळूचे काटे थोडे कमी करा म्हणाले. मग पान गेलं कॉम्रेड मर्झांकडे. मर्झा म्हणजे चामडी कोटातला मऊ आवाजाचा गृहस्थ. आमच्या मासिकावर नजर ठेवायला गुप्त पोलिसांनी त्याला नेमलेलं होतं, आणि त्याच्या सहीशिवाय एक पानही छापलं जात नसे. त्याने सही केली. छापखान्यातल्यांनी छापलं. एवढ्या सगळ्या डोळ्यांखालून ते पान गेलं आणि कुणाला काही दिसलं नाही. दिसणार काय? दुकान होतं, आणि दुकानापुढे रांग होती.

अंक बाहेर पडल्यावर एका सकाळी सिदोनिया कोंबडीच्या पायांसाठी लागलेल्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक बाई, बाईच्या कडेवर छोटी मुलगी, मुलीच्या हातात आमचा अंक. पोरीने पान उलटलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, बघ, हे आपणच!"

कुणी हसलं नाही. एकानेही नाही. सगळ्यांनी खाली आपापल्या बुटांकडे पाहिलं. आईने अंक हिसकावून कोटाच्या आत खुपसला आणि पोरीचं तोंड हाताने दाबून धरलं. सिदोनिया गल्ल्यापासून हातभर अंतरावर आली होती. ती रांग सोडून निघाली.

ऑफिसात आली ती धापा टाकत. कोटाचं बटण तुटलेलं, ओठ पांढरे.

"तिंका, पान काढ. घुबडाचं."

मी काढलं. पाहिलं. ज्या देशात रांगा नाहीत असं रोज संध्याकाळी रेडिओवर सांगतात, त्या देशात आम्ही ससे, बेडूक आणि अस्वल जाळीच्या पिशव्या देऊन उभे केले होते, आणि वर माझ्या अक्षरात विचारलं होतं, काय देतायत.

पत्राश्कूंना दाखवलं. त्यांनी दार लावलं, चोरून ऐकणाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला, मग कुजबुजत म्हणाले, "अंक परत मागवू."

"परत मागवला की का मागवला ते सांगावं लागेल," मी म्हटलं.

"मग माफीचं काहीतरी..."

"माफी कशाची? माफी मागितली की ज्याला दिसलं नाही त्यालाही दिसेल."

ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी फक्त काट्यांबद्दल बोललो होतो. काट्यांबद्दल बोललो होतो ना मी?" त्यांनी ते आम्हाला इतक्यांदा विचारलं की मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

मग आम्ही वाट बघत बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. सिदोनियाने लोकरीचे मोजे, साबण आणि टूथब्रश पिशवीत भरून पिशवी टेबलाखाली ठेवली. आईच्या औषधांच्या वेळा शेजारणीकडून पाठ करून घेतल्या, आणि कशाला म्हणून शेजारणीने विचारलंही नाही. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की तिची पेन्सिल थांबे. प्राण्यांचे आवाज काढणं तिने बंद केलं. मला घरी झोप लागेना. माझी अक्षरं कुणीही ओळखेल, हेच डोक्यात घोळत राही. प्रत्येक टंकलेखन यंत्राच्या अक्षरांचा नमुना पोलिसांकडे असतो तसा माझ्या हाताचा नमुना आता घरोघरी पोहोचला होता.

आणि मर्झा आला. लिफ्टने नाही, जिन्याने आला, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही. कोट न काढता तो सिदोनियासमोर बसला, खिशातून अंक काढला आणि नेमकं तेच पान उघडलं.

"बाई," तो मऊ आवाजात म्हणाला, "याबद्दल जरा बोलायचं होतं."

सिदोनियाने पाय टेबलाखाली सरकवला. पिशवी जागेवर आहे ना ते ती बघत होती.

"माझी मुलगी," मर्झा म्हणाला, "रोज रात्री डोकं खाते. रीत्साला अक्रोड मिळाले का, का तिचा नंबर यायच्या आत संपले? तुम्ही ते दाखवलंच नाहीत. पोर रडते हो. पुढच्या अंकात काय ते सांगून टाका, म्हणजे मी सुटलो."

मी सिदोनियाकडे पाहिलं, सिदोनियाने माझ्याकडे. ह्या माणसालाही दिसलं नव्हतं! बायको त्यालाही दुधाच्या रांगेत पाठवत असणारच. मला हसू फुटणार होतं, ते मी दातांत धरलं.

"मिळाले, कॉम्रेड," सिदोनिया कशीबशी म्हणाली. "मिळतील."

"संपले नाहीत ना? कारण रांग बघा केवढी..." असं म्हणत त्याने बोट पानावर ठेवलं, आणि ते बोट सशावरून साळूवर, साळूवरून अस्वलावर सरकत गेलं आणि उंदराशी थांबलं. 'रांग' हा शब्द त्याने स्वतःच उच्चारला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

त्याने बोट उचलून घेतलं.

"हे पान," तो शेवटी म्हणाला, "कुणी मंजूर केलं?"

सही त्याचीच होती. त्याने अंक बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तो आमच्यासारखाच घाबरला होता, आणि त्याने मला धीर आला नाही. रागावलेला मर्झा आम्हाला माहीत होता. घाबरलेला मर्झा स्वतःला वाचवायला काय करेल, कुणाला पुढे ढकलेल, ते माहीत नव्हतं.

"पुढच्या अंकात अक्रोड," तो उठत म्हणाला. "ढीगभर अक्रोड. तेच दुकान, आणि समोर एकही जण नको. समजलं? एकही नको."

सिदोनियाने काढलं. तेच घुबड, तीच ढोल, अक्रोडांचा डोंगर, आणि गल्ल्याशी एकटी रीत्सा. पत्राश्कूंनी पान लांब धरून पाहिलं.

"बाई, हे दुकान बंद वाटतंय."

"ढीगभर माल आहे, कॉम्रेड."

"तरी बंद वाटतंय. समोर कुणीच नाही ना."

सिदोनिया म्हणाली, "रांग नसलेलं दुकान कसं दिसतं ते मला आठवत नाही हो. खरंच आठवत नाही." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग पत्राश्कूंच्या सांगण्यावरून मी ढोलीवर 'उघडे आहे' अशी पाटी लिहिली. तसंच छापलं.

अंक बाहेर पडला, आणि मर्झा पुन्हा आला. या वेळी बसला नाही. दाढी वाढलेली, आणि आवाजातला मऊपणा गेलेला.

"ती आता जेवत नाही," तो म्हणाला.

"कोण, कॉम्रेड?" मी विचारलं.

"माझी मुलगी. अक्रोडांकडे बघत पण नाही. दोन्ही अंक शेजारी ठेवते आणि विचारते, बाबा, ते सगळे कुठे गेले? ससा कुठे आहे, अस्वल कुठे आहे? त्यांना कुणी नेलं?" तो थांबला. "मला विचारते. मला."

मी मान खाली घातली. मर्झा ऑफिसला जातो म्हणजे काय करायला जातो, ते त्या पोरीला माहीत नसणार. आम्हाला माहीत होतं.

"परत आणा त्यांना," तो सिदोनियाला म्हणाला. हुकूम म्हणून म्हणाला, पण हुकूम वाटला नाही.

सिदोनिया उठून उभी राहिली. ती टेबलाला धरून होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने अशा माणसाला उलट प्रश्न विचारला, आणि कुठल्याही प्राण्याच्या आवाजात नाही, तिच्या स्वतःच्या बारीक, भ्यायलेल्या आवाजात विचारला.

"कुठून आणू, कॉम्रेड? त्यांना कुठे ठेवलंय, ते तुम्ही सांगा."

मर्झाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि मग दाराकडे. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि जिन्याने खाली उतरून गेला.