खळ्याच्या जागी दोन ओळी

लोणखेड्याला शाळेत मी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. डासाचं जीवनचक्र तर डोळे मिटून फळ्यावर काढायचो. अंडी, अळी, कोष, डास, मधे बाण. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला अडाणी म्हणायचं. अडाणी असतो तर निदान काही सबब तरी असती.

आमचं घर शेतातच आहे, ब्राह्मणपुरीच्या अंगाला. घर आणि पीक यांच्यामध्ये खळं होतं, शेणानं सारवलेलं, टणक, दिवसभर उन्हात तापणारं. ज्वारी होती तोवर तिथं मळणी व्हायची. मग केळी आली, केळीमागून पपई आली, आणि ज्वारी गेली ती गेलीच. खळं रिकामं पडलं, असं माझं मत. बायको मात्र तिथं दरवर्षी उडदाचे पापड, कुरडया, लाल मिरच्या वाळवायची.

निवृत्त झाल्यावर मी शेतीत लक्ष घातलं. नवी विटी, नवं राज्य! टेप लावून खळं मोजलं, तर पपईच्या दोन ओळी बसत होत्या. खळं नांगरलं.

बायको ओट्यावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "मी पापड कोठे वाळाडसू? तुम्हना टक्कलवर?"

मी म्हटलं, गच्चीवर वाळव. तिचे गुडघे दुखतात, गच्चीचा जिना तिला झेपत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

पपई जोमानं वाढली. पावसाळ्यापर्यंत पानांना पानं भिडली, स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन गेलं आणि भिंतीपाशी कायम ओल राहू लागली. आमच्याकडे पपईवाल्यांची झोप उडवतो तो मावा. हा बारीक किडा एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसतो आणि रोग पसरवतो, मग पानं आकसतात, फळांवर वर्तुळं उठतात. मावा पिवळ्या रंगाला भुलतो. म्हणून मी पिवळी प्लॅस्टिकची घमेली आणून त्यांत साबणाचं पाणी भरलं आणि घराजवळच्या दोन ओळींत ठेवली. मावा पडून मरू लागला. मी येईल त्याला हाताला धरून दाखवायला नेत असे.

मग झड लागली. घमेली भरून वाहिली, साबण गेला, निव्वळ पावसाचं स्वच्छ पाणी उरलं. मी ओट्यावरून बघायचो, घमेली जागच्या जागी पिवळी दिसायची, माझं समाधान व्हायचं.

"मच्छर वाढी ग्यात," बायको एकदा म्हणाली.

"पावसाळ्यात डास नाही तर काय मोर येतील?" मी म्हटलं.

त्याच दिवसांत गावात डेंगू आला. लोक आमच्याकडे पपईची पानं मागायला यायचे, रस काढून रोग्याला पाजायला. मीही दानशूरासारखा कोवळी पानं बघून तोडून द्यायचो.

पोळा झाला आणि बायको तापानं फणफणली. डोळ्यांमागे दुखतं म्हणायची, हाडं मोडल्यासारखं कण्हायची. शहाद्याला दवाखान्यात नेलं. पानांचा रस काढून नेला, तर डॉक्टरांनी तो बाजूला ठेवायला लावला. रक्तातल्या पेशी रोज खाली येत होत्या. मी खाटेशेजारी बसून होतो. मला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. ही गेली तर त्या घरात मी कुणाशी भांडणार?

कपडे न्यायला घरी आलो, तर घरोघरी साचलेलं पाणी तपासत फिरणारी गावातली आशाताई ओळींमध्ये वाकून काहीतरी बघत होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. एक घमेलं उचलून तिनं माझ्यापुढे धरलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"मास्तर, हाई काय शे?"

"मावा धरासाठे ठेयेल शे," मी म्हणालो.

तिनं घमेलं उपडं केलं. दुसरं केलं. तिसरं मी केलं. फळ्यावरचे बाण तिनंच वहीत उतरवून घेतले होते.

बायको वाचली. ती घरी यायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही ओळी फळांसकट उपटल्या आणि जमीन चोपून सारवली. नीट सारवता आली नाही. घरी आल्यावर तिनं ते बघितलं. "फये लागेल व्हतात ना रे बा त्यासले," फळांसाठी हळहळत एवढंच म्हणाली.

होळीच्या आधी पापडांचे दिवस आले. ताप गेला तरी तिच्या मनगटांतलं दुखणं गेलं नव्हतं. लाटणं धरवेना. शेजारणी बोलवायच्या, ती जायची नाही. खळं कोरडं, सपाट, रिकामं पडलं होतं, आणि ओट्यावर बसून ती दुसरीकडेच बघायची.

मी बाजारातून तयार, वाळलेले पापड आणले. खळ्यावर तिचं जुनं लुगडं अंथरलं आणि एकेक पापड त्यावर मांडला.

"वाळेल पापड वाळाडी ऱ्हायनात का?" ओट्यावरून आवाज आला.

मी पुढचा पापड मांडला. थोड्या वेळानं ती भिंत धरत उतरली, माझ्याशेजारी बसली आणि मी मांडलेले पापड एकेक करून उलटे करू लागली.