बेल्यात नेमकं काय मोडलं होतं?

"एक बिघडलेली मशीन परत आणायला आदिलाबादकडे जायचंय. येतेस?" मुग्धानं असं विचारलं तेव्हा मी भेंड्या चिरत होते. सहलीचं आमंत्रण इतकं रुक्ष असू शकतं हे मला माहीत नव्हतं. पण तेलंगणाचा तो कोपरा मी पाहिलेला नव्हता आणि गाडी कंपनीची होती, त्यामुळे भेंड्या तशाच ठेवून मी हो म्हटलं.

मुग्धा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पुण्यातल्या एका संशोधन कंपनीत ती इंजिनिअर आहे. या कंपनीचं काम असं, की गावाकडे कुणाला नवा उद्योग उभा करायचा असेल आणि त्याच्याकडे प्रयोगशाळा नसेल, तर ही मंडळी भागीदार होतात. प्रयोग यांचा, जागा आणि माल त्याचा. आदिलाबादजवळच्या बेला गावच्या दिगांबरभाऊंबरोबर त्यांची अशीच भागीदारी होती. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात, म्हणजे पऱ्हाटी, ती तिकडे दर वर्षी पेटवून देतात. ती दळून, दाबून तिच्या फळ्या करता येतील का, हे बघायला कंपनीनं एक छोटी मशीन बेल्याला नेऊन बसवली होती. जमलं असतं तर पुढे मोठी मशीन, खरा कारखाना. आणि आता म्हणे ती छोटीच पार मोडली होती.

नागपूरपर्यंत रेल्वेनं गेलो, तिथून कंपनीची गाडी; मशीन न्यायला ट्रक मागून येणार होता. हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबादचा हमरस्ता सरळ आदिलाबादला जातो. रस्ता उत्तम. चारेक तास धरा, आणि पांढरकवड्याच्या आधी पोट भरून घ्या, कारण नंतर बराच वेळ नुसते ट्रकच दिसतात. पैनगंगा ओलांडली की पाट्यांची अक्षरं गोल होतात आणि आपण एकदम अडाणी होतो. मी खिडकीतून एक पाटी वाचायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात त्या पाटीखालच्या बाईनं तिच्या म्हशीला अस्सल मराठीत शिवी दिली. मला फार बरं वाटलं.

आदिलाबादला बसस्टँडजवळ साधे लॉज आहेत. खोली आधी बघा, मग पैसे द्या. आम्ही सामान टाकलं आणि जैनथवरून बेल्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना मोकळी काळी रानं. मधूनमधून पेटलेला पळस, आणि मधूनमधून जमिनीवर राखेचे गोल डाग. "आपण उशिरा आलो," मुग्धा म्हणाली. "सगळ्यांनी पऱ्हाटी जाळून टाकलीय." मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "तशीही मशीन मोडलेलीच आहे म्हणा."

दिगांबरभाऊंचं बाजाराच्या रस्त्यावर खत-बियाण्यांचं दुकान आहे. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. आम्हाला बघून ते दुकान तसंच उघडं टाकून पुढे आले. "या न मॅडम, या! कवाची वाट पाहून राह्यलो तुमची." घरी नेऊन त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, जे जेवण वाढलं त्याबद्दल मी स्वतंत्र लिहिलं पाहिजे. ज्वारीची पातळ भाकरी, पाटवडीचा झणझणीत रस्सा आणि आंबाडीची भाजी. त्याच आंबाडीला बाजारात गोंगुरा म्हणतात, हे सुमनताईंनीच सांगितलं. "घरात आंबाडी, बाजारात गोंगुरा. भाजी एकच हाय," त्या म्हणाल्या. मी तिसरी भाकरी घेतली.

मुग्धा मात्र जेवत नव्हती. तिला मशीन बघायची होती.

दुकानाच्या मागे पत्र्याची शेड. मी इतक्या भंगार गोष्टींची कल्पना करून आले होते, की दार उघडल्यावर क्षणभर वाटलं, चुकीच्या शेडमध्ये आलो. मशीन पुसूनपुसून लख्ख. तिला हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. बाजूला ताटात नारळ. शेडच्या मागे, भिंतीच्याही वर डोकावेल एवढी पऱ्हाटीची गंजी, वरून ताडपत्री घातलेली.

"काय मोडलंय?" मुग्धानं वाकून खाली बघत विचारलं.

"काई नाई मोडलं जी," दिगांबरभाऊ म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. मशीन घरघरली आणि छान चालू लागली.

मुग्धा सरळ झाली. "पण तुम्ही तर फोनवर म्हणालात, पूर्ण मोडली!"

"हव. मोडलीच न. पूर्ण मोडली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मशीन चालूच होती. मग दिगांबरभाऊंनी ती बंद केली, मुग्धाला शेडच्या मागच्या दाराशी नेलं आणि समोरच्या मोकळ्या रानाकडे हात केला. "हे पाहा न. एक झाड तरी उभं हाय का? साऱ्या गावानं मोडली."

पऱ्हाटी. पऱ्हाटी मोडली.

तिकडे पीक संपलं, झाडं उपटून रान मोकळं केलं, की त्याला मोडणं म्हणतात. कपाशी मोडली, तूर मोडली. त्यात वाईट काहीच नसतं, उलट शेतकरी मोकळा झाला असा अर्थ. दिगांबरभाऊंनी संक्रांतीनंतर कंपनीला आवाजी निरोप पाठवला होता: आता मोडली सारी, लौकर या, नाहीतर काही राहत नाही. निरोपाचा अर्थ होता, माल तयार आहे, लोक तो जाळायच्या आत प्रयोग सुरू करू. पुण्यात तो ऐकला तो असा, की मशीन मोडली. ऑफिसातल्या मुलीनं खात्री करायला म्हणून फोनही केला होता, बिचारीनं. "पूर्ण मोडली का?" तर हे म्हणाले, "हव जी, बुडापासून!" त्यावरून ऑफिसनं ठरवलं की मशीनचा पायाच गेलाय.

मला हसू आलं. अगदी खरं सांगते, मी मोठ्यानं हसले. मागोमाग आलेल्या सुमनताईही हसल्या. दिगांबरभाऊ तर पोट धरून हसले. "म्हंजे तुमाले वाटलं, मीनं मशीन बुडापासून मोडली? अरे बापा!" मुग्धाही हसत होती, पण तिच्या हातातला रुमाल तिनं पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

हसू ओसरल्यावर दिगांबरभाऊ उत्साहानं म्हणाले, "जाऊ द्या, आले न तुमी. आता ट्रक कवा येते? मोठी मशीन ट्रकमदीच हाय न?"



"ट्रक रिकामा येतोय, भाऊ," मुग्धा म्हणाली.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते मागच्या गंजीकडे बघत म्हणाले, "बसा, चहा ठेवाले सांगतो." चहा आला तेव्हा सुमनताईंनी हळू आवाजात आम्हाला सांगितलं. गंजीतली पऱ्हाटी त्यांच्या एकट्यांची नव्हती. दिगांबरभाऊंनी घरोघरी जाऊन लोकांना जाळू नका म्हणून सांगितलं होतं. कंपनीवाले येतात, याच्या फळ्या होतात, गावात कारखाना होते. काहींनी ऐकलं आणि बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून शेडपाशी आणून टाकल्या. "लोकाइले शबूद देल्ला हाय यायनं," त्या म्हणाल्या.

मुग्धानं तिथूनच तिच्या साहेबांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. उद्या बोलतो म्हणाले. ट्रकही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार होता.

दुसरा दिवस नुसता बसून काढणं अशक्य होतं. "निर्मल पाहून या, इतक्या दूर आल्या तर," दिगांबरभाऊच म्हणाले. आम्ही गेलो. आदिलाबादपासून हमरस्त्यानंच जायचं, वाटेत घाटही लागतो, झाडी सुंदर आहे. निर्मलची लाकडी खेळणी तुम्ही प्रदर्शनांत पाहिली असतील, पण तिथं जाऊनच घ्या. हलक्या लाकडाची फळं इतकी खरी वाटतात, की मी एका सीताफळावर नख लावून पाहिलं आणि दुकानदाराचा ओरडा खाल्ला. एरवी मी या गावावर चार परिच्छेद लिहिले असते. मुग्धा प्रत्येक दुकानात फोन हातात धरून दाराशी उभी होती, आणि मला कशाचाच आनंद होईना.

साहेबांचा फोन परतीच्या वाटेवर आला, गुडीहत्नूरला. आम्ही टपरीवर मिरची भजी आणि चहा सांगितला होता. सुमनताईंनी शिकवलेलं तेलुगू "चक्केर तक्कुवा" मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, आणि चहा खरोखरच कमी गोड आला होता. मुग्धानं फोन स्पीकरवर टाकला, कारण ट्रकांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"सर, मशीन चालू आहे. काहीही झालेलं नाही तिला. आपला ऐकण्यात घोटाळा झालाय."

"अरे वा! मग चांगलंच आहे, दुरुस्ती वाचली."

"सर, म्हणजे प्रयोग इथंच करू ना? माल आहे त्यांच्याकडे."

"मुग्धा, तिकडची मोडली म्हणून खानदेशातल्या पार्टनरशी करार झालाय. मशीन तिकडे जाणार. तुमच्या त्या भाऊंचं पुढच्या हंगामात बघू."

ती भांडली. मी साक्षीदार आहे, चांगली भांडली. पण करार झालेला होता, खानदेशातला माणूसही वाट बघत होता आणि त्याचीही काही चूक नव्हती. कुणावर रागवावं हेच कळेना, आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट होतं. भजी थंड झाली. टपरीवाल्यानं विचारलं, "काऊन मॅडम, तिखट झाली का?"

बेल्याला परतलो तेव्हा ट्रक आला होता. दिगांबरभाऊंनी आमचे चेहरे बघितले. मशीन सकाळी भरायचं ठरलं. सकाळी आम्ही पोचलो तर ते घरातल्या जुन्या गोधड्या घेऊन शेडच्या दारात उभे. "ओरखडे पडतीन रस्त्यानं," म्हणत त्यांनी स्वतः मशीनला गोधड्या गुंडाळल्या, दोर आवळले. हार तेवढा काढून बाजूला ठेवला. भरताना बघायला दहा-पंधरा जण जमले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का रे दिगांबर, आनाची होती न मशीन? हे तर नेऊन राह्यले."

"नेऊन राह्यले, काका."

"मंग आमच्या पऱ्हाटीचं?"

दिगांबरभाऊंनी ताटातला नारळ उचलला. "आनलाच हाय तर फोडून टाकू," म्हणाले आणि ट्रकच्या चाकापाशी फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं. ड्रायव्हरलाही दिलं. मी माझा तुकडा हातात धरून उभी राहिले, मला तो खाववेना.

मुग्धा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "भाऊ, माझ्यामुळे..." ते मध्येच म्हणाले, "तुमी काऊन वाईट वाटून घेता? तुमी तर आल्या. मीच पऱ्हाटी मोडली म्हनाले पायजे होतं. नुसतं मोडली म्हनलं." एवढ्या सगळ्यात चूक त्यांनी स्वतःकडेच घेतली. निघताना सुमनताईंनी आम्हाला एक एक फळीचा तुकडा दिला. मशीन बसवली त्या दिवशी चाचणी म्हणून जी एकच फळी निघाली होती, तिचे त्यांनी करवतीनं तुकडे केले होते.

परतीचा रस्ता तोच. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडीत गाणी लावली नाहीत.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, कापूस फुटलेला असतो तेव्हा. रानं पांढरी असतात म्हणे, मी पाहिलेली नाहीत. बेल्यात भाषेची अडचण येणार नाही, असं मी लिहिणार होते. सगळे मराठीच बोलतात. पण आता ते वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. खानदेशात प्रयोग जमला. फळ्या निघतायत, मुग्धाला कौतुकाचं पत्र मिळालं. "पुढच्या हंगामात बघू" चं काय झालं हे ती साहेबांना तीनदा विचारून आली, मग विचारायचं थांबली. माझ्या ओट्यावर तो फळीचा तुकडा आहे, गरम पातेलं ठेवायला. इतकी पातेली ठेवली तरी अजून तडकलेला नाही. चांगल्याच झाल्या असत्या बेल्याच्या फळ्या.

परवा मुग्धा माझ्याकडे जेवायला आली होती. स्वयंपाक चालू असताना तिच्या फोनवर दिगांबरभाऊंचा निरोप आला. तिनं तो लावला.

"मॅडम, पऱ्हाटी मोडली. पऱ्हाटी, बरं का! मशीन नाई." ते जरासे हसले. "यंदा मीनं कोनाले थांबवलं नाई. लोकं पेटवून राह्यले. गंजीबी पेटवली मागची. तुमाले सांगाव म्हनलं."

मुग्धानं तो पुन्हा ऐकला. मग उत्तर द्यायला बटण दाबून धरलं, फोन तोंडाजवळ नेला, आणि तिला काही बोलताच येईना. तिचा अंगठा निसटला आणि निरोप तसाच गेला. त्यात फक्त माझ्या कुकरची शिट्टी होती.

लगेच त्यांचं उत्तर आलं. "सैपाक होऊन राह्यला वाटते. जेवा मॅडम, निवांत जेवा."