माशांशेजारचं जहाज

घरात तिला सगळे मधली म्हणत. थोरली आणि धाकटी यांच्यामध्ये जन्मली म्हणून मधली, इतकी साधी गोष्ट. पुढे थोरली लग्न होऊन गेली, धाकटी नोकरीसाठी दूर गेली आणि घरात बाबा आणि ती अशी दोघंच उरली, तरी ती मधलीच राहिली. आता ही कोणाच्या मधली, असं कोणी विचारलं तर बाबा म्हणत, "स्वप्नाच्या आणि जागेपणाच्या." हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती मटार सोलायला बसली होती आणि चांगली अर्धी टोपली होईपर्यंत दाणे केरात आणि सालं पातेल्यात टाकत होती.

बिचारीचं स्वप्न तरी केवढं! बाविसाव्या वर्षी तिने ग्रंथालयाच्या कामाचं शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळवलं आणि त्याच दिवसापासून डोक्यात एक ग्रंथालय थाटलं. दुमजली, उंच खिडक्यांचं. भांडी घासता घासता ती तिथे जाऊन यायची. कधी एखादं कपाट हलवून बघायची, कधी टेबलावर नवा दिवा ठेवायची. ओल्या छत्र्या दाराबाहेर ठेवायच्या की आत, या एका प्रश्नावर तिने सलग तीन दिवस घालवले होते. वाचकही यायचे. ते काय मागतात ते तिला आधीच ठाऊक असायचं आणि ती हसून उठायची. तेवढ्यात दूध उतू जायचं.

खऱ्या जगात मात्र ग्रंथपाल कोणालाच नको होता. मग एका रुग्णालयाच्या रेकॉर्डखोलीत काम मिळालं. तात्पुरतं म्हणून गेली आणि एकोणीस वर्षं राहिली. तळघरातली ती खोली, जमिनीपासून छतापर्यंत रुग्णांचे जुने कागद. कोणाचा कागद कुठे आहे हे ती डोळे मिटून सांगायची. एके दिवशी सगळे कागद संगणकात गेले, खोलीत पाण्याचं मशीन आलं आणि मधलीला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप देण्यात आला. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या बाबांनी ते उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं.

त्यानंतर आठ महिने अर्ज. कुठे जागा भरली होती, कुठे अनुभव चालत नव्हता, कुठून उत्तरच नाही. ग्रंथपालाच्या जागेला वयाची अट बेचाळीसची असते आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला मधलीला बेचाळीस पूर्ण होणार होती. थोरलीने फोनवर धोशा लावला होता. "अगं, दाजींच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायला माणूस हवाय. किती दिवस थांबवून ठेवतील ते? आता पुरे झालं तुझं पुस्तक-पुस्तक." शेवटी मधली म्हणाली, "एक मुलाखत उरलीये ताई. ती नाही झाली तर एक तारखेपासून टेलिफोन." हे बोलताना तिचा आवाज अगदी स्थिर होता. फोन ठेवल्यावर मात्र ती स्वयंपाकघरात गेली आणि कशासाठी गेली तेच विसरली.

मुलाखतीच्या दिवशी बाबांनी दारात एकच सूचना केली, "विचारतील त्यांच्या तोंडाकडे बघून बोल. छताकडे नको."

सूचना चांगली होती, पण त्या ग्रंथालयाचं छतच असं होतं की कोणीही बघावं. आत पाऊल टाकलं आणि मधली थबकली. खिडक्यांच्या वरच्या काचा हिरव्या होत्या. त्यांतून येणारं ऊन लाकडी जमिनीवर, मांडण्यांवर, पुस्तकांच्या पाठींवर हलकं हिरवं होऊन पडलं होतं. खोल तळ्याच्या तळाशी उभं राहून वर पाहावं तसं वाटत होतं. एका बाजूने लाकडी जिना वरच्या सज्जात जात होता. जुन्या कागदाचा वास होता. तिच्या डोक्यातल्या ग्रंथालयाला इतक्या वर्षांत कधी वास नव्हता आणि ते तिला आज पहिल्यांदाच कळलं.

"मॅडम, वारा खायला आलात की परीक्षेला?" सचिव म्हणाले. हे ग्रंथालयाचे सर्वेसर्वा, एकेकाळचे गणिताचे मास्तर. खिशाला लाल पेन, नाकावर माशी बसू देणार नाहीत असे. महिन्यातून एकदा यायचे आणि सगळ्यांना धारेवर धरून जायचे. त्यांच्यामागे टेबलाशी जुने ग्रंथपाल बसले होते. बारीक, पेंगुळलेले, पुढच्या आठवड्यात निवृत्त होणारे. उमेदवार तिघं होते आणि मधलीचा नंबर शेवटचा होता.

"नियम ऐका," सचिव म्हणाले. "यांनी या दालनातली दहा पुस्तकं मुद्दाम चुकीच्या जागी ठेवली आहेत. यादी पाकिटात बंद आहे. अर्ध्या तासात शोधायची आणि आपापल्या जागी लावायची. एखादं सापडलं नाही तर एक गुण जाईल. पण बरोबर जागेवरचं पुस्तक कोणी उचलून भलतीकडे लावलं, तर तो उमेदवार बाद. तिथल्या तिथे. इथे पुस्तक भलत्या कप्प्यात गेलं की ते असून नसल्यासारखं."

परीक्षा दहाला सुरू व्हायची होती, पण ते बंद पाकीट स्वतः ठेवलंय कुठे हेच सचिवांना पाऊण तास आठवेना. पाकीट त्यांच्याच छत्रीत सापडलं. पहिल्या उमेदवाराला सात पुस्तकं सापडली, दुसरीला नऊ. प्रत्येकाच्या नंतर ग्रंथपाल पुन्हा दुसरी दहा पुस्तकं हलवून ठेवत आणि नवी यादी पाकिटात बंद करत. मधलीची पाळी आली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि ग्रंथपाल पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते. सचिव दुसरीचे गुण लिहायला आतल्या खोलीत गेले.

मधलीने पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पाठीवरच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे बोटाखालून जात होते आणि जिथे चुकलं तिथे बोट आपोआप अडखळत होतं. एकोणीस वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं! अठरा मिनिटांत दहाच्या दहा पुस्तकं जागेवर गेली.

आणि मग तिला अकरावं दिसलं.

खिडकीलगतची मांडणी, कमरेच्या उंचीचा कप्पा. सगळी पुस्तकं जलचरांची. देवमासे, खेकडे, मासे, आणि मधेच एक जाडजूड, कडा झिजलेलं पुस्तक, एका जहाजाच्या सफरीचं. समुद्र दिसला म्हणून कोणीतरी बापडं जहाज माशांशेजारी बसवलं होतं. मधलीला हसू आलं. प्रवासाची पुस्तकं वर सज्जात होती. ती पुस्तक घेऊन जिना चढू लागली तसे ग्रंथपाल जोरात खोकले. धुळीचं असेल, असं तिला वाटलं. ती परत खाली उतरली तेव्हा ते अर्धवट उठून उभे होते, काहीतरी सांगायच्या बेतात. पण परीक्षा चालू असताना उमेदवाराशी बोलायचं नाही अशी सचिवांची सक्त ताकीद होती आणि आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ते पुन्हा बसले.

आठ मिनिटं हातात होती. मधली त्या हिरव्या उजेडात नुसती उभी राहिली. दहाच्या जागी अकरा सापडली होती. तिला वाटलं आपण इथे कितीतरी वर्षं आहोत आणि आज नेहमीसारखाच एक दिवस आहे. आता कोणीतरी येईल, काहीतरी मागेल आणि आपण हसून उठू.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

आलेला म्हातारा माणूस अगदी नीटनेटका होता. सदऱ्याचं प्रत्येक बटण लावलेलं. त्याची नजर सरळ होती पण कशावरच नव्हती. हे कप्तान. मधलीला त्यांची हकिगत पुढे ग्रंथपालांनी सांगितली. कप्तान हे नाव ग्रंथालयाने दिलेलं. माणूस आयुष्यभर शिंपीकाम करणारा, समुद्र कधी पाहिलेला नाही. तरुणपणापासून ते एकच जहाजाचं पुस्तक वाचत आले. पाय थकले तेव्हा जिना सुटला. मग डोळे गेले. "काढून देऊ का?" असं एकदा ग्रंथपालांनी विचारलं, तर त्यानंतर दोन महिने ते आलेच नाहीत. तेव्हा ग्रंथपालांनी पुस्तक गुपचूप खाली, खिडकीलगतच्या कप्प्यात पाचवं आणून ठेवलं, जागा बदलली एवढाच निरोप कप्तानांना पाठवला आणि सचिवांना ताकास तूर लागू दिली नाही. आता पाच वर्षं कप्तान रोज येत होते, हाताने पुस्तक काढत होते, पाठ झालेली पानं मांडीवर उलटत होते.

त्या क्षणी मधलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने इतकंच पाहिलं की म्हातारबाबांनी काठी मांडणीला टेकवली, तळहात लाकडावर ठेवला आणि बोटांनी पुस्तकं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवं काढलं. त्याच्यावरून अंगठा फिरवला. ते माशांचं होतं, पातळसं. त्यांनी ते परत ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तेच पातळ पुस्तक हातात आलं.

"हे ग्रंथालयच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो हो, कप्तान, बसा ना दोन मिनिटं," ग्रंथपाल घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"नको. जातो मी घरी." ते हसायचा प्रयत्न करत होते. "हल्ली होतं माझं असं. काल सून म्हणत होती, आता एकटं बाहेर पडू नका. बरोबर आहे तिचं."

कोणता घोटाळा झाला आणि तो कोणी केला, हे मधलीला एकदम कळलं. "काका, बसा की थोडं, बाहेर फार ऊन आहे," असं म्हणत ती जिन्याकडे धावलीसुद्धा. दोन-दोन पायऱ्या करत वर गेली, जहाज काढलं, धावत खाली आली. पुस्तक त्यांच्या हातात द्यायला तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. मग ते कप्प्यात, माशांच्या शेजारी, जागा मिळेल तिथे सरकवलं आणि दोन पावलं मागे झाली.

कप्तान वळले. सवयीने हात कप्प्यावर गेला. बोटं पुस्तकांवरून सरकली, थांबली. अंगठा झिजलेल्या कडेवरून फिरला. पुस्तक छातीशी धरून खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. मधलीचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही. जिन्यावरची धावपळ ऐकून सचिव बाहेर आले होते आणि आतल्या दारात उभे राहून त्यांनी तिला वरून पुस्तक आणताना आणि खाली घालताना पाहिलं होतं. वेळ संपली. त्यांनी पाकीट फोडलं, यादी घेऊन फिरले, दहाच्या दहा खुणा केल्या आणि मग तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सगळी सापडली. आजवर कोणाला सापडली नव्हती," ते म्हणाले. "पण आत्ता तुम्ही वरून एक प्रवासाचं पुस्तक काढलंत आणि खाली माशांत घातलंत. खरं की खोटं?"

उत्तर जिभेवर होतं. पण कप्तान चार पावलांवर बसले होते आणि त्यांचा पान उलटणारा हात थांबला होता.

"खरं," मधली म्हणाली.

"का?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. मधलीने त्यांच्याकडे बघून किंचित मान हलवली आणि त्यांनी ते मिटलं.

"चुकून," ती म्हणाली.

सचिवांनी लाल पेन काढलं. मधलीला रडू येत होतं. एक तारीख, टेलिफोन, दाजींचं ऑफिस, सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, अगदी टेलिफोनची वायरसुद्धा. तरीही जहाज परत वर न्यावं असं तिला वाटत नव्हतं.

खुर्ची सरकली. कप्तान उठून मांडणीपाशी आले, मोजून पुस्तक कप्प्यात ठेवलं आणि आवाजाच्या रोखाने वळले.

"नवीन बाई आल्यात वाटतं," ते म्हणाले. "बाई, आज पुस्तक सहावं लागलं होतं. माझं पाचवं असतं. मी ठेवलंय नीट."

मधलीने कप्प्याकडे बघितलं.

"धावत आणलंत ना वरून? डोळे गेलेत माझे, कान नाहीत गेले. पण हातात नाही दिलंत." त्यांनी काठी चाचपली आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी त्यांनी विचारलं, "उद्या आहात ना?"

"आहे," मधली म्हणाली. आपण काय बोलून बसलो हे तिला नंतर कळलं.

काठीचा आवाज रस्त्यावर विरला. सचिव त्या कप्प्यापाशी गेले. त्यांनी स्वतः बोटाने पुस्तकं मोजली, पाचव्यावर थांबले, पाठीवरचा आकडा वाचला आणि ग्रंथपालांकडे बघितलं. ग्रंथपाल खिडकीबाहेर बघत होते. मग सचिवांनी लाल पेनला टोपण घातलं.

"किल्ल्या दोन आहेत," ते मधलीला म्हणाले. "एक आजच घेऊन ठेवा यांच्याकडून."